भिंत कोणाच्या वाट्याला?

राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, १४ डिसेंबरला, अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.

नमस्कार.

सभागृहात डाव्या हाताला अभियांत्रिकीची मंडळी बसली आहेत, उजव्या हाताला वास्तुकलेची. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, तुम्ही आपसूक तसे बसलात. मधे जायला-यायला वाट सोडली आहे. इमारत किती ऊर्जा खाते हे तपासणारी माणसं आपल्याकडे कशी तयार होतात, हा आजचा विषय. आणि मला जे सांगायचं आहे ते या मधल्या वाटेपाशीच आहे.

मी एनर्जी ऑडिटर आहे. वीसेक वर्षं हे काम करतोय आणि गेली काही वर्षं नव्या ऑडिटरांना शिकवतोही. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

ऑडिटरची परीक्षा पास होऊन वर्षही झालं नव्हतं. मुंबईतलं एक पाच मजली कार्यालय, पाच हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र. तीन दिवस मी तिथे होतो, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारं यंत्र, मोजला, पंप मोजले, प्रत्येक मजल्यावर उजेड मोजणारा लक्स मीटर घेऊन फिरलो. ऐंशी पानांचा अहवाल तयार झाला. तो द्यायच्या आदल्या दिवशी प्लँटरूममध्ये ऑपरेटर मामांचा निरोप घ्यायला गेलो. उभा जन्म प्लँटवर काढलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही रोज दिवसाच आलात. एकदा रात्री या की."

गेलो. रात्री एक वाजता मुख्य पॅनेलवरचा मीटर साठ किलोवॅट दाखवत होता. इमारतीत वॉचमन सोडून चिटपाखरू नाही. सर्व्हर रूम, जिन्यातले दिवे, सगळं धरून वीस किलोवॅट लागायला हवेत. वरचे चाळीस कुठे जातात ते शोधायला आम्हाला दीड तास लागला. चौथ्या मजल्यावरच्या प्रशिक्षण हॉलचा एएचयू, म्हणजे हवा थंड करून खेळवणारा संच, चालू होता. त्याच्यासाठी एक चिलर चालू, चिलरसाठी दोन पंप आणि कूलिंग टॉवरचा पंखा चालू. तिथे कधीतरी रात्रीचा कार्यक्रम झाला होता, तेव्हा यंत्रणेचं वेळापत्रक बदललं होतं. ते पूर्ववत करायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

हिशेब फळ्यावर मांडू. चाळीस किलोवॅट, रात्रीचे दहा तास, वर्षाचे ३६५ दिवस. झाले १,४६,००० युनिट. इमारतीचा वर्षाचा वापर होता ७,४०,००० युनिट, म्हणजे चौरस मीटरला १४८. याला एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स म्हणतात, बोलताना आपण ईपीआय म्हणतो. रात्रीची ही गळती काढली की ईपीआय ११९ वर येतो. बीईईने, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोने, २००९ मध्ये कार्यालयांसाठी तारांकन सुरू केलं. त्या मूळ तक्त्यात, मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेतल्या वातानुकूलित कार्यालयाला १५० ते १२५ च्या मधे तीन तारे होते आणि १२५ ते १०० च्या मधे चार. एकही यंत्र न बदलता इमारत एक तारा वर चढत होती.

माझ्या ऐंशी पानांत यातलं काहीच नव्हतं. मामांना ते ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

चूक माझीच. पण मला ज्या रीतीने घडवलं गेलं तिचाही वाटा त्यात आहे, असं मला आज वाटतं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. १ मार्च २००२ ला तो अमलात आला, त्याच दिवशी ब्युरो सुरू झाला आणि २००४ पासून एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार, त्यातला चौथा पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा. या परीक्षेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिची चार पुस्तकं कोणालाही वाचता येतात, आणि तिने देशाला हजारो माणसं दिली. पण तिचा पिंड कारखान्याचा आहे. दुसऱ्या पेपरात बॉयलर, भट्ट्या, वाफेच्या लाइनी, वाया जाणारी उष्णता. तिसऱ्यात मोटारी, कॉम्प्रेसर, पंप, पंखे, वातानुकूलन, दिवे. इमारत म्हणून इमारत येते ती एखाद्या प्रकरणापुरती. कारखान्यात यंत्र हीच मुख्य गोष्ट असते आणि शेड तिच्यावरचं छप्पर. हीच नजर घेऊन आपण इमारतीत शिरतो. भिंती दिसतात, पण त्या गृहीत धरतो आणि थेट तळघरातल्या प्लँटरूमकडे वळतो.

आता उजवी बाजू. २००७ मध्ये ईसीबीसी ही इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता आली आणि २०१७ मध्ये सुधारून निघाली. शंभर किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार, असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. तिचं प्रशिक्षण बहुतेक वास्तुविशारद आणि सल्लागार घेतात. त्यात भिंतींचा आणि छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यांतून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, काचेतून आत येणारी उन्हाची उष्णता, छज्जांची लांबी, संगणकावरचं सिम्युलेशन हे सगळं असतं आणि चांगलं असतं. पण ती कागदावरची इमारत असते. ती उभी राहते, माणसं राहायला येतात, वीजबिल सुरू होतं, तेव्हा वास्तुविशारद पुढच्या कामावर गेलेला असतो. आपण धरलेली काचच बसली की दुसरी, हे बघायला तो सहसा परत येत नाही. एका ठिकाणी नकाशावर लिहिलेली काच एक आणि जागेवर बसलेली दुसरीच, हे मी स्वतः पाहिलं आहे. खरेदीच्या वेळी स्वस्त पडली म्हणून ती बदलली होती. सिम्युलेशनचा अहवाल मात्र तसाच फायलीत होता.

एकाने भिंत ठरवली आणि तो निघून गेला. दुसरा आला आणि त्याने ती पाहिलीच नाही.

एवढं भिंत-भिंत का करतोय, त्याचा हिशेब बघू. मुंबई-पुण्यातले आजचे टॉवर घ्या. बहुतेक मिवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. पटापट उभ्या राहतात, मजबूत असतात. पण दीडशे मिलिमीटर काँक्रीटचा यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास जातो. दोनशे मिलिमीटरच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकचा पाऊणच्या जवळ. पश्चिमेची दहा चौरस मीटरची भिंत घेऊ. आतल्या-बाहेरच्या तापमानात दहा अंशांचा फरक धरू. काँक्रीटमधून साडेतीनशे वॅट उष्णता आत येते, ब्लॉकमधून ऐंशीच्या खाली. आणि ऊन थेट पडतं तेव्हा भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच तापलेला असतो, म्हणजे खरा आकडा याहून मोठा. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्याचा दहावा हिस्सा एकट्या या भिंतीसाठी खर्च होतो. शिवाय काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री खोलीत सोडतं. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो, हे अशा घरात राहणाऱ्या कोणालाही विचारा. तिथे पाच ताऱ्यांचा एसी घेतला तरी तो तापलेल्या भिंतीशी झगडत राहतो.

या भिंतीवर बोट ठेवणारी पहिली राष्ट्रीय संहिता २०१८ मध्ये, आजच्याच तारखेला आली. इको निवास संहिता. घराच्या भिंती आणि खिडक्या मिळून चौरस मीटरला पंधरा वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये, असा दंडक तिने थंड हवेचे प्रदेश वगळून घातला. छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवायला सांगितला. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक बसवणारी आपली जुनी मंडळीही छतातली उष्णता कमी करायचं काम करत होती, फक्त ऊन परतवून. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मोठी गृहसंकुलंही संहितेच्या कक्षेत आणायची वाट मोकळी झाली. म्हणजे आता गृहसंकुलं मोजायला माणसं लागणार, आणि ती भट्ट्यांच्या शाळेतून आलेली असून चालणार नाही.

युरोपात २००२ च्या निर्देशानंतर इमारत विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक होत गेलं. ब्रिटनमध्ये घरं तपासणाऱ्यांची पात्रता वेगळी आहे आणि व्यापारी इमारती तपासणाऱ्यांची वेगळी. त्यांचं सगळं आपण उचलावं असं मी म्हणत नाही. त्यांची चिंता थंडीची आहे, आपली उन्हाची. पण इमारत तपासणं हा स्वतंत्र पेशा आहे, हे त्यांनी मानलं आणि तसं शिक्षण उभं केलं.

आता उपकरणांबद्दल, कारण इथे नवी मुलं हमखास अडखळतात. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, फक्त अँपिअर दाखवतो. त्याला व्होल्टेजने आणि तीनच्या वर्गमुळाने गुणायचं, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरोखर कामी येणारा वाटा, ०.८ धरायचा आणि किलोवॅट म्हणून लिहून टाकायचं, ही सवय फार जणांना आहे. कमी भारावर चाललेल्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.४ असू शकतो. म्हणजे तुम्ही दुप्पट वीज लिहिली, आणि त्यावर बेतलेली बचतही दुप्पट खोटी झाली. तिथे खरे किलोवॅट मोजणारा पॉवर ॲनालायझरच लावा. थर्मल कॅमेरा हातात आला की चित्रं सुंदर येतात. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा काचेवर तो रोखला तर समोरच्या वस्तूचं, कधी तुमचं स्वतःचंच, प्रतिबिंब मोजतो. लक्स मीटर टेबलाच्या उंचीवर धरायचा, आणि दिव्यांचा उजेड मोजायचा असेल तर दिवसाउजेडी पडदे उघडे ठेवून मोजायचा नाही.

एक उदाहरण मी दर वर्गात देतो. चिलरला जाणाऱ्या आणि चिलरमधून येणाऱ्या पाण्याच्या तापमानात पाच-साडेपाच अंशांचा फरक असावा असं धरून संयंत्र बेतलेलं असतं. जागेवर बरेचदा दोन अंशच मिळतो. मुलं लिहितात, चिलर खराब. चिलर बहुधा ठणठणीत असतो. पाणीच गरजेपेक्षा दुप्पट-अडीचपट फिरत असतं, कारण सगळे पंप रात्रंदिवस पूर्ण वेगाने चालू असतात. पंपाचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. हा नियम परीक्षेला सगळ्यांनी पाठ केलेला असतो. प्लँटरूममध्ये उभं राहून तो आठवणं, हे शिकवावं लागतं.

म्हणून आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी उपकरणांची पेटी उघडायचीच नाही, असा नियम केला आहे. आधी किमान दोन वर्षांची वीजबिलं घेऊन महिन्यागणिक आलेख काढायचा. मे महिन्याचा आणि जानेवारीचा वापर जवळजवळ सारखा दिसला तर ही इमारत हवामानाकडे बघत नाही, हे तिथेच कळतं. मग पूर्ण इमारत पायी फिरायची. चारही दिशांच्या भिंतींना दुपारी आणि रात्री हात लावायचा. ऑपरेटर, वायरमन, सफाईच्या मावशी, सगळ्यांशी बोलायचं. कुठली खोली सगळ्यात आधी तापते, हे मावशींना बरोबर माहीत असतं. आणि जोड्या लावतानाच एक अभियंता आणि एक वास्तुविशारद अशी जोडी लावायची. पहिले दोन दिवस त्यांचं पटत नाही. एक किलोवॅटमध्ये बोलतो, एक छज्जांमध्ये. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, "या काचेला बाहेरून आडोसा केला तर चिलर किती टनांनी लहान घेता येईल?" त्या प्रश्नाची मी वाट बघत असतो.

अहवालाबद्दल एकच बोलतो. ग्राहक तुमच्यावर दबाव आणेल. कोणाला बचत फुगवून हवी असते, कारण यंत्र विकायचं असतं. कोणाला ईपीआय कमी दाखवून हवा असतो. एकदा तळघरातल्या पार्किंगचं क्षेत्र धरून भागाकार करा, असं मला सांगण्यात आलं होतं. पार्किंग धरलं की क्षेत्र वाढतं आणि ईपीआय आपोआप उतरतो. मी नकार दिला आणि ते काम गेलं. ते दिवस ओढाताणीचे होते. पण त्या अहवालाच्या खाली माझी सही असणार होती, आणि ती इमारत पुढची चाळीस वर्षं तितकीच वीज खात राहणार होती.

वेळ झाली आहे, थांबतो. फक्त एक व्यवस्था सांगतो. या इमारतीच्या पॅनेलरूमची किल्ली आज रात्रीपुरती प्राचार्यांनी माझ्याकडे दिली आहे, आणि गेल्या चोवीस महिन्यांची बिलंही. साडेदहा वाजता वॉचमन सगळे वर्ग बंद करून जातील, त्यानंतर आपण मीटर वाचायचा आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी दाराशी ठेवलेल्या कागदावर नावं लिहा. दोन रकाने आहेत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा. प्रत्येक ओळीत दोन्ही रकाने भरलेले हवेत.