फ्रान्झनं कोणाची आज्ञा पाळली?

श्रोतेहो, नमस्कार.

येशूच्या नावानं शिकवू नका, असं यरुशलेमच्या धर्मसभेनं बजावलं, तेव्हा पेत्र आणि इतर प्रेषितांनी उत्तर दिलं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पण बायबलच्या त्याच नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, प्रत्येकानं सत्ताधाऱ्यांच्या अधीन असावं. ही दोन्ही वचनं एकाच माणसाच्या आयुष्यात आमनेसामने आली तर?

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर. हिटलरनं १९३८ साली ऑस्ट्रियाचा घास घेतला, त्यानंतरच्या मतदानात गावात विरोधी मत दिलं ते एकट्या फ्रान्झनं. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. गावच्या चर्चची देखभालही तोच करायचा. हे युद्ध अन्यायाचं आहे, त्यात हिटलरसाठी लढणं पाप आहे, अशी त्याची खात्री झाली. तो लिंझच्या बिशपांना, म्हणजे त्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या प्रमुखांना, भेटला. राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब तुला द्यावा लागणार नाही, तू तुझ्या घराचा विचार कर, असा सल्ला मिळाला.

मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो. फ्रान्झला कुठली आकाशवाणी झाली नव्हती. 'खून करू नको' ही आज्ञा त्याला याच चर्चनं लहानपणी शिकवली होती, आणि आता चर्चचेच अधिकारी त्याला रणांगणाकडे जा म्हणत होते. बिशपांना त्या पोरींची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. तरी माझं मन फ्रान्झच्याच बाजूनं उभं राहतं. बायबल वाचून, प्रार्थना करून, मनाशी झगडून त्यानं देवाची आज्ञा ओळखली. असं आज्ञापालन मुकाट्यानं मान तुकवण्याहून कितीतरी कठीण आहे.

१९४३च्या मार्चमध्ये तो लष्करी तळावर हजर झाला आणि लढायला नकार दिला. जखमींची सेवा करायला तो तयार होता. ते मान्य झालं नाही. मनाला बेड्या पडण्यापेक्षा हातांना पडलेल्या बऱ्या, असं त्यानं तुरुंगातून लिहिलं. फ्रान्झिस्कानं आधी त्याला वळवायचा प्रयत्न केला, मग ती ठामपणे त्याच्या पाठीशी राहिली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रान्डेनबुर्ग इथं त्याचा शिरच्छेद झाला.

युद्धानंतर तिला विधवेचं निवृत्तिवेतन १९५० पर्यंत नाकारण्यात आलं. पुढे २००७ साली, लिंझच्याच कॅथेड्रलमध्ये, चर्चनं फ्रान्झला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं. तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का तिथं हजर होती.