वीस जुने पीसी, एक सर्व्हर: कोकणातल्या शाळेच्या लॅबसाठी व्हर्च्युअलायझेशन

नमस्कार मंडळी!

गणपतीची सुट्टी संपते, लॅबचं कुलूप निघतं आणि वीसपैकी पाच पीसी चालूच होत नाहीत. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत संगणक शिकवणाऱ्या कुठल्याही सरांना किंवा बाईंना विचारा, यात त्यांना नवल वाटणार नाही. जूनपासून बंद खिडक्या, दमट खोली, वर समुद्राची खारी हवा. रॅम काढून खोडरबरने पुसायची, परत बसवायची, चाललं तर चाललं. आणि जे पीसी चालतात त्यांच्यावर विंडोज १०, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो या मशीनमध्ये नाही.

अशा वेळी कोणीतरी सुचवतं, "व्हर्च्युअलायझेशन करून टाका." माझं म्हणणं असं, की जरूर करा, पण प्रत्येक मुलाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) देण्याच्या भानगडीत पडू नका. शाळेला दोन-तीन व्हीएम पुरतात. त्या कुठल्या, ते आज बघू.

[स्क्रीनवर: एक सर्व्हर, त्यात तीन चौकोन]

आधी कल्पना समजून घेऊ. एका मोठ्या वाड्यात तीन बिऱ्हाडं राहतात. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, विहीर मात्र एकच. एका सर्व्हरमध्ये तीन ऑपरेटिंग सिस्टिम अशाच नांदतात. प्रत्येकीला वाटतं आपल्याला पूर्ण संगणक मिळालाय. असा प्रत्येक भासाचा संगणक म्हणजे एक व्हीएम. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क वाटून देणारा असतो हायपरवायझर. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. आयबीएमने १९७२ मध्येच मेनफ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांसाठी, व्हीएम/३७० आणलं होतं. साध्या पीसीवर हे झेपू लागलं ते इंटेल आणि एएमडीने २००५-०६ च्या सुमारास प्रोसेसरमध्येच तशी सोय दिल्यावर. २००७ मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) केव्हीएम नावाचा हायपरवायझर आला आणि ही सोय लिनक्ससोबतच फुकटात मिळू लागली.

तुमच्या मशीनमध्ये ही सोय आहे का, हे बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतं. इंटेल असेल तर 'व्हीटी-एक्स' किंवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडी असेल तर 'एसव्हीएम मोड'. बऱ्याचदा हा पर्याय बंदच असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (साध्या पीसीवर व्हीएम चालवायचा प्रोग्रॅम) नवी व्हीएम करताना ६४ बिटचे पर्याय दिसतच नसतील, तर पहिला संशय यावर घ्या.

आता वीस मुलांना वीस व्हीएम का नको? हिशोब करा. एका व्हीएमला फक्त २ जीबी रॅम दिली तरी ४० जीबी झाली. त्यावर हायपरवायझरचा वाटा. वीस जणांनी एकदम ब्राउझर उघडला की प्रोसेसर घामाघूम. विंडोज वापरायचं असेल तर लायसन्सचा खर्च वेगळाच, कारण व्हीएममधल्या विंडोजलाही लायसन्स लागतं. साध्या विंडोज १० किंवा ११ मध्ये एका वेळी एकच जण रिमोटने काम करू शकतो. अनेकांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर आणि माणशी वेगळी लायसन्स. बँकेला परवडेल. आपल्या शाळेच्या सादिल (किरकोळ खर्चाच्या) निधीत तर हे बसतच नाही.

त्यापेक्षा जुन्या पीसीत जो प्रोसेसर आणि रॅम आहे, ती वापरा ना! मेली आहे ती हार्ड डिस्क. मग हार्ड डिस्कशिवायच पीसी चालवायचा.

यासाठी एलटीएसपी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. हा प्रकल्प १९९९ पासून चालू आहे आणि २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. नाव 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' असलं तरी नव्या पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवर चालत नाहीत. पीसी चालू झाला की नेटवर्कवरून सर्व्हरला हाक मारतो, सर्व्हर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज (तयार प्रत) पुरवतो आणि पुढचं सगळं काम पीसीच्या स्वतःच्या रॅममध्ये होतं. पीसीत ४ जीबी रॅम असेल तर छान. २ जीबीवर टायपिंग, स्क्रॅच, जिओजेब्रा चालेल. ब्राउझरचे दहा टॅब नाही उघडायचे.

मग यात व्हर्च्युअलायझेशन कुठे आलं? इथेच तर खरी मजा आहे. सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाका; व्हीएम बनवायची आणि सांभाळायची ही केव्हीएमवर चालणारी सिस्टिम. त्यात उबंटू किंवा डेबियन या लिनक्सची एक व्हीएम करा, एक्सएफसीई किंवा माटे असा हलका डेस्कटॉप घ्या आणि एलटीएसपी बसवा. मुलांना जे हवं ते याच व्हीएममध्ये: लिब्रेऑफिस, जिओजेब्रा, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. मग एक कमांड चालवायची, की हीच व्हीएम स्वतःची इमेज तयार करते. पुढच्या वेळी पीसी चालू केले की वीसच्या वीस ठिकाणी तेच.

काही बिघडलं तर? नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यायचा. गडबड झाली की दोन क्लिकमध्ये कालची स्थिती परत. आणि एखाद्या पोराने पीसीवर सेटिंगची वाट लावली, तर रीस्टार्ट. सिस्टिममधले बदल रॅममध्येच असतात, ते पुसले जातात. मुलांच्या फाइल्स मात्र सर्व्हरवर त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. आज दारापाशी बसलेली मुलगी उद्या खिडकीपाशी बसली तरी तिची फाइल तिथे हजर.

घरगुती राउटर आहे, त्याचं डीएचसीपी (पीसींना नेटवर्कवरचे पत्ते वाटायची सोय) बंद करावं लागेल का? नाही. एलटीएसपी त्याच्या शेजारी प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून, पत्ते राउटरलाच वाटू देऊन, गुण्यागोविंदाने राहतं.

[स्क्रीनवर: स्विचचा क्लोजअप]

पैसे खर्च करायचे तर इथे, सगळे पीसी सर्व्हरला जोडणाऱ्या स्विचवर, करा. समजा, चालू होताना प्रत्येक पीसी ४०० एमबी ओढतो. वीस पीसी म्हणजे ८,००० एमबी. सर्व्हर १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) स्विचवर असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी, म्हणजे अकरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत! गिगाबिट स्विचवर हेच काम सव्वा-दीड मिनिटात होतं. केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या टोकाच्या कनेक्टरमध्ये नीट क्रिंप झाल्यात (दाबून बसल्यात) का, तेही बघा. दोनच जोड्या लागल्या असतील तर गिगाबिट स्विचही १०० वरच चालतो.

आता आपल्या कोकणातली दुखणी. वीज आणि वीज, दोन्ही. लाईट जाते त्यावर उपाय सोपा: वीस पीसींना वीस यूपीएस नकोत, कारण पीसीत जपायला काही नाहीच. सर्व्हर आणि स्विचला एक चांगला यूपीएस द्या. तो यूएसबीने सर्व्हरला जोडा आणि 'नेटवर्क यूपीएस टूल्स' बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की व्हीएम आधी शिस्तीत बंद होतात आणि मग सर्व्हर. लिब्रेऑफिसचं ऑटोरिकव्हरी (आपोआप जपून ठेवणं) दोन मिनिटांवर ठेवा. लाईट गेली तरी फार तर दोन ओळी जातील.

आकाशातली वीज जास्त वाईट. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस गडगडतो तेव्हा ऑफिसमधून लॅबपर्यंत उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल स्विचचे पोर्ट जाळते. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, त्यातून वीज वाहत नाही. शाळा सड्यावर असेल तर अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग नावापुरतंच उरतं.

आणि पाणी. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर कोणी विसरलेलं नाही. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका; वरचा मजला नसेल तर निदान भिंतीवर उंच. सगळं एका डब्यात आणलं की तो डबा गेला तर सगळंच गेलं, हा या पद्धतीतला मोठा धोका आहे. म्हणून बॅकअप. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे! तो त्याच डिस्कवर असतो. वेळ लावून दिली की प्रॉक्समॉक्स रात्री आपोआप पूर्ण व्हीएमची प्रत काढतं. सर्व्हर रात्री बंद असेल तर मधल्या सुट्टीची वेळ लावा. ती प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि अशा दोन डिस्क आलटून-पालटून वापरा, एक शाळेत, एक दुसऱ्या वाडीत कोणाच्या तरी घरी. सर्व्हर मेलाच तर ऑफिसातल्या बऱ्यापैकी पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकून तीच व्हीएम उभी करता येते. व्हीएमला आपण कुठल्या डब्यात आहोत याचं सोयरसुतक नसतं.

दुसरी व्हीएम कशाची? किविक्सची. नेटशिवाय वेबसाइट वाचायचं हे सॉफ्टवेअर. त्यात मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. पावसात नेट गेलं तरी सहावीच्या मुलांना शोधायला काहीतरी असतं. तिसरी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, मनसोक्त मोडायला. त्यांना तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन टाका. बिघडवली की स्नॅपशॉटवरून परत आणायची, पुन्हा बिघडवू दे. टॅलीसारखं (हिशोबाचं सॉफ्टवेअर) विंडोजवरच चालणारं काही शिकवायचं असेल तर दोन-तीन बरे पीसी विंडोजवरच राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

प्रॉक्समॉक्स फुकट आहे. लॉगिन करताना 'सबस्क्रिप्शन नाही' असं तक्रार करणारी खिडकी येईल, तिला ओके म्हणा आणि पुढे जा. अपडेट घेताना एरर आली तर रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) 'नो-सबस्क्रिप्शन' वर न्या.

शेवटचं, आणि हे तांत्रिक नाही. लॅब उभी करणाऱ्या सरांची बदली होते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. सर्व्हरचा आयपी, पासवर्ड, बॅकअपची डिस्क कोणाकडे आहे, इमेज बनवायची कमांड, हे सगळं मराठीत एका वहीत लिहा आणि वही डेडस्टॉक रजिस्टरसोबत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पुढच्या भागात रिकाम्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकण्यापासून पहिला पीसी नेटवर्कवरून चालू होईपर्यंत सगळं करून दाखवतो. तोवर तुमच्या पीसींच्या बायोसमध्ये 'नेटवर्क बूट' आहे का, ते बघून कमेंटमध्ये मॉडेल लिहा.