जीपीएक्स फाइल साफ कशी करायची? यवतेश्वर घाटाच्या राइडवर करून बघू

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. सायकलची राइड संपली की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "ट्रॅक टाक रे." आणि आपण घड्याळातून निघाली तशी जीपीएक्स फाइल, म्हणजे कुठून कसे गेलो याची जीपीएसनं नोंदलेली रेघ, टाकून मोकळे होतो. त्या फाइलीत घराची गल्ली असते, चहाच्या टपरीवरचा गुंता असतो, वाट चुकून कुणाच्या ज्वारीत शिरलो तेही असतं. पुढच्या रविवारी कुणीतरी नवखा पोरगा ती रेघ धरून इमानदारीत त्याच ज्वारीत शिरतो. म्हणून आज फाइल साफ करायची. सातारा, यवतेश्वर, पेट्री, कास आणि परत, अशी राइड घेऊ.

[स्क्रीनवर: फाइल नोटपॅडमध्ये उघडलेली]

जीपीएक्स फॉरमॅट 2002 पासून आहे आणि आतून ती साधी मजकुराची फाइल असते. हा एक पॉइंट बघा. अक्षांश 17.69 आणि पुढे आकडे, रेखांश 73.98 आणि पुढे आकडे, उंची 812, वेळ 00:42:10 आणि शेवटी इंग्रजी झेड. रात्री पाऊण वाजता कोण घाट चढतंय? कुणी नाही. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाण वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा, सकाळचे 6 वाजून 12 मिनिटं झाली. पहाटे पाचला निघालात तर फाइलीत आदल्या दिवसाची तारीख दिसेल. ती चूक नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

आता पहिलं काम, फाइलीची कॉपी. मूळ फाइल तुमच्या हिशेबासाठी, तिला हात लावायचा नाही. कॉपी लोकांसाठी.

[स्क्रीनवर: ब्राउझरमध्ये जीपीएक्स स्टुडिओ]

मी जीपीएक्स स्टुडिओ वापरतो. फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं असेल तर जीपीएसप्रून आहे, तेही फुकट. घड्याळानं जीपीएक्सऐवजी फिट (FIT) नावाच्या फॉरमॅटची फाइल दिली असेल तर जीपीएसबेबल या प्रोग्रॅममधून ती जीपीएक्स करून घ्या.

आधी दोन्ही टोकं कापा. ट्रॅक समर्थ मंदिराजवळ सुरू झाला तरी कुणाचं काही अडत नाही, तुमचं दार जगाला कशाला दाखवायचं? आणि राइड शेअर करायच्या स्ट्राव्हा ॲपवर प्रायव्हसी झोन, म्हणजे घराजवळचा भाग लपवायची सोय, लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो इतरांना दिसणाऱ्या नकाशापुरता असतो. तुमचीच राइड तुम्ही स्वतः डाउनलोड केलीत की घरासकट उतरते.

[स्क्रीनवर: टपरीवरचा गुंता, झूम करून]

हे बघा. माणूस बाकावर बसून चहा पितोय आणि घड्याळ म्हणतंय हा फिरतोय. उभं राहिलं तरी जीपीएसची जागा काही मीटर इकडंतिकडं हलतच राहते, आणि त्या सगळ्या रेघा अंतरात धरल्या जातात. गुंत्याचा पहिला आणि शेवटचा पॉइंट ठेवा, मधले उडवा. मधला वेळ थांबलेला म्हणून धरला जातो, एकूण वेळ बिघडत नाही.

कड्याजवळ दुसरीच गंमत. सिग्नल दगडावर आपटून येतो आणि रेघ एकदम दरीत उडी मारते. नकाशावर शोधत बसू नका, वेगाचा आलेख बघा. चढावर ताशी 90 दिसलं की तिथंच घोळ आहे.

आता नीट लक्ष द्या. पॉइंट उडवायला आपण माउसनं चौकोन काढतो. घाटात वळणाच्या वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकमेकांना खेटून असतात, चौकोन जरा मोठा झाला की वरचा रस्ताही गेला. त्यात आपण त्याच वाटेनं परत आलोय, म्हणजे जातानाची रेघ परतीच्या रेघेखाली दबलेली. म्हणून आधी कासपाशी ट्रॅकचे दोन तुकडे करा, एक लपवा, दुसरा साफ करा. शेवटी जोडा.

[कॅमेऱ्यासमोर]

आता उंची. सगळ्यात जास्त थापा इथंच मारल्या जातात, आणि बहुतेक वेळा मारणाऱ्याला पत्ताच नसतो. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त हलते. सपाट रस्त्यावर ती तीन मीटर वर, तीन मीटर खाली असं दहादा झाली, तर फाइलीत 30 मीटर चढाई जमा झाली. खाली आलेलं त्यातून वजा होत नाही, एकूण चढाईत फक्त वर जाणं मोजतात.

काही अँड्रॉइड ॲप वेगळाच घोळ घालतात. ती समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची लिहितात. आपल्या भागात त्यामुळे उंची साधारण साठ-सत्तर मीटर कमी दिसते. तुमची उंची पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच कमी असेल तर कारण हेच समजा. चढाईच्या बेरजेला त्याचा धक्का लागत नाही.

मग लोक सांगतात, "एसआरटीएमची उंची भर." एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानातून रडारनं मोजलेली जमीन. तिचा एकेक चौकोन साधारण 30 मीटरचा. माळावर ती उत्तम. पण यवतेश्वरचा रस्ता डोंगर कापून काढलाय. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार, आणि 30 मीटरच्या चौकोनात सगळ्यांची मिळून एकच उंची. रेघ जरा सरकली की आकडा बदलतो, आणि गुळगुळीत डांबरी चढाचा आलेख करवतीसारखा होतो.

माझं मत सांगतो. घड्याळात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर त्याचीच उंची ठेवा. पावसाळ्यात सेन्सरच्या भोकात पाणी-चिखल गेला असेल तर आलेख बघूनच कळतं, तेवढ्यापुरती बदला. मोबाइलवरून रेकॉर्ड केलं असेल तर एसआरटीएम भरा आणि वरून स्मूदिंग मारा, म्हणजे आलेखातले दाते घासून काढा. आणि कुणी कितीही चिडवलं तरी एकूण चढाईच्या आकड्यावरून भांडू नका, दोन घड्याळांचा एक आकडा येत नाही.

पॉइंट कमी करणं सोपं आहे. दर सेकंदाला एक पॉइंट धरला तर तीन तासांत 10,800 होतात, जुनी उपकरणं एवढ्यानं अडखळतात. स्लायडर ओढा, पण वळणावर डोळा ठेवा. वळण कापलं जायला लागलं की थांबा.

[स्क्रीनवर: पठाराजवळ ट्रॅकचा एक फाटा]

आणि हा फाटा. कुणीतरी रस्ता सोडून पठारावर सायकल घातलीय. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथली फुलं खडकावरच्या बोटभर मातीत येतात. एक रेघ शेअर झाली की मागून चाकांची रांग लागते. हा तुकडा मी सरळ डिलीट करतो. शेतातून गेलेल्या तुकड्यांचंही तेच, मालकाची परवानगी नसेल तर ते फाइलीत ठेवायचे नाहीत.

उरलेल्या ट्रॅकवर पाण्याची जागा आणि पंक्चरवाला, एवढे दोन वेपॉइंट, म्हणजे नकाशावरच्या खुणा, टाका. नाव द्या, "यवतेश्वर-पेट्री-कास-परत-कोरड्या-दिवसात". "फायनल-फायनल-2" नको. मग मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून, नकाशा आधीच डाउनलोड केलेल्या ॲपमध्ये फाइल उघडून बघा. उघडली तर टाका ग्रुपवर.