पिके निवृत्त झाला, तरी मोबाईलवर रोज कसा दिसतो?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच प्रश्न: "दादा, पिकेने खेळणं सोडलं, तरी फीडमध्ये रोज कसा?" चला, आज त्यावरच बोलू.

ओळख पटकन उरकतो. जेरार्ड पिके, बार्सिलोनाचा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. 2010 चा वर्ल्ड कप, 2012 चा युरो, स्पेनकडून 102 सामने, नोव्हेंबर 2022 मध्ये निवृत्ती. हे तुम्हाला पाठच आहे.

आता कमेंट्स. गायिका शकिरा ही पिकेची पूर्वीची जोडीदार, म्हणून काहीजण म्हणतात: "शकिरामुळे फेमस झाला." हे वाचलं की माझं डोकं फिरतं. अहो, तारखा बघा ना! पिकेची किंग्स लीग, म्हणजे त्याने काढलेली छोट्या संघांची फुटबॉल लीग, सुरू झाली 1 जानेवारी 2023 ला. शकिराचं ते 'फेरारी देऊन ट्विंगो गाडी, रोलेक्स देऊन कॅसिओ घड्याळ घेतलंस' असा पिकेला टोमणा मारणारं गाणं आलं 11 जानेवारीला. म्हणजे लीग आधी, गाणं नंतर. मग हा गडी खरोखरच ट्विंगो घेऊन लीगच्या मैदानावर हजर झाला. त्याची चर्चा झालीच, पण प्रेक्षक आधीच जमले होते.

ते जमले कसे? इथे नीट ऐका. लीगमधल्या संघांचे अध्यक्ष कोण, तर इबाई यानोससारखे स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवर लाईव्ह व्हिडिओ करणारी मंडळी. सोबत सुरुवातीला अग्वेरो आणि कासियाससारखे माजी फुटबॉलपटू. आणि हे अध्यक्ष सामना आपापल्या चॅनलवर लाईव्ह दाखवतात. पिके कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देतो, सगळी गंमत त्यातच आहे.

हे आजचं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मेस्सी पॅरिसकडून पहिल्यांदा उतरला, रीम्सविरुद्ध. फ्रेंच लीगचे स्पेनमधले हक्क पिकेच्या कोसमॉस कंपनीकडे होते. सामना दिसला ट्विच या लाईव्ह व्हिडिओच्या साइटवर, इबाईच्या चॅनलवर, फुकट! त्याच ऑक्टोबरमध्ये दोघांनी चक्क फुग्यांचा वर्ल्ड कप भरवला. घरात फुगा जमिनीला टेकू न देणाऱ्या भावंडांचा एक टिकटॉक व्हायरल झाला होता, त्यावरून. घरातल्यासारखं फर्निचर मांडलेलं, आणि मोठी माणसं फुग्यामागे सूर मारतायत. पेरू जिंकलं. हसू नका, मी ते पूर्ण बघितलंय.

याच्या उलट आमचा अनुभव. मागे एका मोठ्या लीगच्या गोलची जेमतेम काही सेकंदांची क्लिप लावली, तर अख्खा व्हिडिओच उडाला. रात्रभर एडिटिंग केलेलं. जी पोरं तुमच्या खेळाचं कौतुक करतात, त्यांनाच हाकलायचं? पिकेने त्याच पोरांना अध्यक्षाची खुर्ची दिली. फरक एवढाच, पण तोच मोठा आहे.

नियम थोडक्यात: सात-सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. बरेचसे नियम प्रेक्षकांच्या मतदानाने ठरले. पहिल्या मोसमात सामना सुरू होताना चेंडू मध्यभागी पडायचा आणि दोन्ही संघ आपापल्या गोललाईनवरून त्याच्याकडे सुसाट धावायचे, वॉटर पोलोत असतं तसं. सुरुवातीलाच मुखवटा घालून एक खेळाडू उतरला, नाव 'एनिग्मा'. हा नक्की कोण, यावर स्पेनमध्ये तर्कांना ऊत आला. प्रेक्षक स्वतःच शोधाशोध करत होते, क्लिपा फिरवत होते. जाहिरात आपोआप!

मार्च 2023 ची फायनल बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ स्टेडियमवर, 92 हजारांहून जास्त माणसं तिकीट काढून आली. "मोबाईलवरची पोरं स्टेडियमला येत नाहीत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा.

कोल्हापूरहून एकाने विचारलंय, तालमींच्या फुटबॉल सामन्यांना असं जमेल का? शाहू स्टेडियमची गर्दी मी पाहिलीये, माझं उत्तर हो. कोणत्या तालमीचा अध्यक्ष कुणाला करायचं, नावं खाली लिहा. शकिरा सोडून.