अंगावर जातंय

(दृश्य : उसाचा फड. पहाटेचा अंधार, कोयत्यांचा आवाज.)

साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून ती फडात उतरलीय. भाकरी कोपीतच, म्हणजे तिच्या झोपडीत, थापून झाल्या. पाळीचा आज अकरावा दिवस. जुन्या सुती लुगड्याची घडी लावलीय, पण ती बदलायला आडोसा नाही आणि धुवायला पाणी नाही. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना मांडीवरून ओघळ येतो. ती थांबत नाही. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं बसून राहायचं म्हणजे खाडा, आणि खाडा उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापला जातो.

मग कुणीतरी म्हणतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

बीड जिल्ह्यात ही कटकट किती जणींची मिटवली गेली, ते २०१९ मध्ये सरकारी पाहणीत मोजलं गेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यात चाळिशीही न गाठलेल्या कित्येक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा.)

रक्त का जातंय, हे आधी बघायला हवं. पाळी २४ ते ३८ दिवसांनी येते आणि आठ दिवसांत आटोपते, तोवर ठीक. तासातासाला पॅड भिजत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधांनंतर डाग दिसत असेल, तर दाखवायला हवं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेनं २०११ मध्ये या रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट पाडले. त्यातले चार शरीरात दाखवता येतात : अस्तरावरचा मोड म्हणजे पॉलिप, अस्तर भिंतीत शिरणं, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. बाकीच्यांसाठी नुसती सोनोग्राफी पुरत नाही. बीजांड वेळेवर सुटत नसेल, थायरॉईड बिघडलं असेल, रक्त गोठण्यातच खोट असेल. वयात आल्यापासूनच मुलीला फार जात असेल, तर ही शेवटची शंका आधी घ्यावी.

रिपोर्टवर ‘पिशवीला सूज’ असं लिहिलेलं असतं. हा शब्द फार घाबरवतो. पण दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठंच असतं, आणि तेवढ्यानं कर्करोग होत नाही. खरी शंका असेल, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात.

(दृश्य : डोळ्याची खालची पापणी ओढून बघणारा हात. आतून पांढरीफटक.)

हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की पंडुरोग. जिना चढताना धाप लागते, कुणाला माती नाहीतर खडू खावासा वाटतो. लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि गळती थांबवायची, दोन्ही एकदमच. पाळीच्या दिवसांत ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी रक्त बरंच कमी होतं. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन वर्षानुवर्षं काम करतं. मोठ्या गाठी, कर्करोग, किंवा बाकी सगळं करून झाल्यावरही न थांबणारा स्राव, अशा वेळी शस्त्रक्रिया लागतेच, आणि तेव्हा ती करून घ्यावी. अंडाशयंही काढली, तर मात्र तिशीतच अंगातून वाफा येतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

(दृश्य : कोपीचं दार. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद बाहेर येतात.)

केसपेपर, सोनोग्राफी, ऑपरेशनची तारीख. तुकडा तपासल्याचा कागद यात नाही. अंगावर जास्त कधीपासून जायला लागलं, असं आम्ही तिला विचारलं. ती जरा आठवून म्हणाली, “धाकट्याच्या वेळंला तांबी बसवली ना, तवापासून.”

तांबीनं, म्हणजे मूल न होण्यासाठी पिशवीत बसवलेल्या कॉपर-टीनं, स्राव वाढतो, हे त्या नऊ गटांतल्याच एकात लिहिलेलं आहे. ती अजून काढलेली नाही. ऑपरेशन सोमवारी आहे.