तांबी, गोळी आणि सासूबाईंचं कॅलेंडर

बायका गर्भनिरोधक कसं निवडतात, असा विषय मला दिलाय. ‘निवडतात’ या शब्दापाशीच मी अडते. निरोध, माला-एनच्या रोजच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, सगळं आम्ही दवाखान्यात टेबलावर मांडतो. बाई ते बघते, पण तिच्या डोळ्यांपुढे असतं घर.

येरवड्यातली एक जण धुणंभांड्याची कामं करायची. दहा बाय दहाची खोली, माणसं सहा, कपाटाला कुलूप नाही. गोळ्यांचं पाकीट ठेवायचं कुठे? तिनं ते एका कामाच्या घरी, सिंकखाली घासण्यांच्या डब्यामागे ठेवलं. भांडी झाली की गोळी. पण रविवारी सुट्टी, आणि दिवाळीत ते घर आठवडाभर बंद. तिला दिवस गेले. केसपेपरवर मी लिहिलं, ‘गोळ्या अनियमित’. आज तसं लिहिणार नाही.

मग अंतरा द्या, म्हणाल. लपवायला काही नाही. पण त्यानं पाळी पुढेमागे होते, थोडं थोडं अंगावर जातं, काहींची काही महिने बंदच होते. शरीराला बहुधा त्याचा त्रास नसतो, घराला असतो. देवाचं कोण करणार हे पाळीवर ठरतं आणि तो हिशेब सासूबाईंच्या कॅलेंडरवर असतो. पंधरा दिवस डाग दिसले तर? आलीच नाही तर? आणि त्याच घरात गौरींच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून बिनदिक्कत येतात. त्याही हार्मोनच्याच. त्या कुणालाच गरम पडत नाहीत! (हशा)

तांबी दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. तरी ‘ती वर सरकते’ हे नणंदेचं वाक्य आमच्या तक्त्यापेक्षा पक्कं बसतं. याला मी अडाणीपणा म्हणत नाही. कंबर दुखते म्हणून आलेल्या बाईला ‘होतं असं’ म्हणून आम्हीच परत पाठवलेलं असतं.

उरतं ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचं साधन होतं स्वतःची नसबंदी. नवऱ्याची? ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, काही मिनिटांचं. ‘ह्यांना वजन उचलावं लागतं,’ हे बायकाच सांगतात, कडेवर पोर घेऊन. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती हे कारण खरं, पण आजच्या पंचविशीतल्या पोराला ती कुठून आठवणार? र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली; शंभर वर्षांनंतरही ऑपरेशन बाईचंच.

सरकारी नियमाप्रमाणे बाईच्या नसबंदीला नवऱ्याची संमती लागत नाही. हे मी एकीला सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, “मग मी एकटी आले तर चालेल?” चालेल म्हटलं. पुढच्या आठवड्यात आली ती जावेला घेऊन. “आई म्हणतात, गौरी होऊ देत, मग बघू.”