सायकलवरून गेलेली तार

नमस्कार, श्रोतेहो.

१९६२ सालचा ऑक्टोबर. वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत अनातोली दोब्रिनिन राजदूत होते. मॉस्कोला काही तातडीचं कळवायचं झालं, की मजकूर आधी हातानं सांकेतिक आकड्यांत उतरवायचा, मग वेस्टर्न युनियन या तार कंपनीला फोन करायचा. कंपनीचा एक पोरगेला तरुण सायकलवरून यायचा आणि कागद घेऊन जायचा. वाटेत एखाद्या मुलीशी गप्पा मारत तो थांबू नये, एवढीच प्रार्थना आम्ही करू शकत होतो, अशी आठवण दोब्रिनिन यांनी पुढे सांगितली.

आणि तार कशाबद्दलची? तर क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांबद्दलची. ती डागली असती, तर वॉशिंग्टनला पोहोचायला त्यांना काही मिनिटं पुरली असती.

पुढची हकिगत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या हेर विमानानं क्युबावरून उडत फोटो काढले, १६ तारखेला ते राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे आले आणि २२ तारखेला केनेडींनी टीव्हीवरून ही बातमी जगाला दिली. क्युबाकडे शस्त्रं नेणारी जहाजं अडवायचं ठरलं. पण याला नाकेबंदी म्हणायचं नाही, असंही ठरलं. कारण नाकेबंदी म्हणजे कायद्याच्या भाषेत युद्धच. म्हणून शब्द शोधला 'क्वारंटाइन'. आपल्याला तो पुढे भलत्याच कारणानं पाठ झाला.

आपल्याकडे मात्र त्या दिवसांत क्युबाकडे कुणाचं फारसं लक्ष असणार? २० ऑक्टोबरला चीननं लडाखमध्ये आणि नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, हल्ला चढवला होता. लोक रेडिओला कान लावून बसत ते तिथल्या बातम्यांसाठी. त्याच युद्धामुळे महिनाभरात यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावं लागलं.

परत क्युबाकडे येऊ. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना लांबलचक पत्र लिहिलं. दोरीला युद्धाची गाठ बसली आहे, तुम्ही-आम्ही दोन्ही टोकं ओढत राहिलो तर ती इतकी घट्ट होईल, की बांधणाऱ्यालाही सोडवता येणार नाही, असं त्यात होतं. मला हे पत्र त्या सगळ्या काळातलं सर्वांत माणसासारखं वाटतं. पण मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीकडून, भाषांतर होऊन, तुकड्यातुकड्यानं ते वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला जवळजवळ बारा तास गेले. त्याला उत्तर काय द्यायचं, याची चर्चा चालली असतानाच दुसऱ्या दिवशी रेडिओ मॉस्कोवरून दुसरं पत्र वाचून दाखवलं गेलं. त्यात नवी अट होती: तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढा. आता कुठलं पत्र खरं धरायचं?

त्याच शनिवारी, २७ तारखेला, क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. सोव्हिएत पाणबुडी बी-५९ समुद्रात खोल दडून होती. तिला वर आणण्यासाठी अमेरिकी जहाजं इशाऱ्याचे स्फोट करत होती. पाणबुडीत असह्य उकाडा, हवा संपत आलेली, आणि त्या खोलीवर रेडिओ ऐकू येईना. वर युद्ध पेटलंय की नाही, हे कळायला मार्ग नाही. पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. कप्तान तो डागायच्या बेतात होता आणि वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं त्याला शांत केलं, असं सोबतच्यांनी पुढे सांगितलं. पाणबुडी वर आली. अमेरिकनांना तिच्यात काय आहे याचा पत्ताच नव्हता.

रात्री राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी दोब्रिनिन यांना भेटले. ते म्हणाले, तुम्ही क्युबातली क्षेपणास्त्रं काढा; क्युबावर हल्ला करणार नाही, हे आम्ही जाहीरपणे सांगू. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही काही महिन्यांत काढू, पण याची वाच्यता करायची नाही. या भेटीचा निरोपही तारेनंच गेला.

रविवारी मॉस्कोत कुणालाच पुन्हा बारा तास वाट पाहायची नव्हती. होकाराचं पत्र थेट रेडिओवर पाठवलं. वॉशिंग्टनला सकाळचे नऊ वाजले होते. अण्वस्त्रांच्या स्पर्धेतलं सर्वांत मोठं संकट एका बातमीपत्रासारखं ऐकवून मिटवलं गेलं! जगाबरोबर क्युबाचे नेते फिडेल कास्ट्रो यांनाही ते बातम्यांतूनच कळलं. ज्यांच्या बेटावरून हा सारा तमाशा झाला, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा संताप झाला, आणि तो रास्तच म्हणायला हवा.

तुर्कस्तानातली ज्युपिटर १९६३ च्या एप्रिलपर्यंत निघाली, पण तो सौदा कित्येक वर्षं दडवून ठेवला गेला. त्यामुळे केनेडी ठाम राहिले आणि रशियानं माघार घेतली, एवढीच गोष्ट लोकांच्या मनात राहिली. देवघेव झाली होती, हे ज्यांना ठाऊक होतं ते मोजकेच.

सायकलवाल्या तरुणाचं काम मात्र संपलं. १९६३ च्या जूनमध्ये जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन सुरू झाली. गोष्टींतला लाल टेलिफोन तिथं नव्हताच. होतं ते टेलिप्रिंटर यंत्र. बोलण्यात गफलत होऊ शकते, म्हणून छापील मजकूरच हवा होता. अमेरिकेनं पहिल्यांदा चाचणीसाठी पाठवलं, ते आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या चपळ कोल्ह्याचं इंग्रजी वाक्य, कारण त्यात इंग्रजीतली सगळी अक्षरं येतात.

संकटात या हॉटलाइनचा पहिला उपयोग झाला तो १९६७ च्या जूनमध्ये, अरब-इस्रायल युद्धाच्या सकाळी. मॉस्कोतून पंतप्रधान कोसिगिन यांचा संदेश आला. यंत्र होतं पेंटागॉनमध्ये आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन होते नदीपलीकडे, व्हाइट हाउसमध्ये.